इमोजीतला निवडुंग आणि ‘चिंता नसावी’चा शिक्का

हेडफोन लावलेत? मग आज आधी एक छोटंसं काम करा. फोन हातात आहेच, तर इमोजीचा कीबोर्ड उघडा आणि त्यात निवडुंग शोधा. हिरवा खांब, दोन्ही बाजूंनी वर वळलेले हात. सापडला? या चित्रातल्या झाडाला खरं नाव आहे आणि खरा पत्तासुद्धा आहे.

नाव सवारो. इंग्रजी स्पेलिंग बघून आपण ‘सग्वारो’ म्हणतो, पण तिथली माणसं सवारोच म्हणतात. पत्ता सोनोरन वाळवंट, म्हणजे अमेरिकेतलं ॲरिझोना आणि त्याला लागून असलेलं मेक्सिकोतलं सोनोरा राज्य. सगळ्या जगात नैसर्गिकरीत्या तो मुख्यतः एवढ्याच पट्ट्यात उगवतो. हॉलिवूडचे सिनेमे आणि टी-शर्टवाले त्याला कुठेही उभा करतात, तो भाग वेगळा.

जाता जाता एक गोष्ट. आपल्याकडे बांधावर असतो तो तिधारी निवडुंग कॅक्टस नाहीच. तो एरंडाच्या कुळातला, तोडला की पांढरा चीक येतो. आपल्याकडचा फड्या निवडुंग मात्र खरा कॅक्टस, आणि तोही मुळात अमेरिकेतून आलेला.

आता मुद्द्यावर येतो. कुठली प्रजाती किती धोक्यात आहे, हे ठरवणारी आययूसीएन ही जागतिक संस्था आहे. तिच्या लाल यादीत सवारोवर सगळ्यात सौम्य शिक्का आहे, ‘लीस्ट कन्सर्न’. आपल्या भाषेत, चिंता नसावी. आणि हा शिक्का काही खोटा नाही. २०१५ मध्ये जगभरातल्या १,४७८ कॅक्टस प्रजातींचा आढावा प्रसिद्ध झाला, तेव्हा त्यातल्या ३१ टक्के धोक्यात निघाल्या. त्यांच्या तुलनेत सवारोचं बरं चाललंय. त्याचा पट्टा मोठा आहे. टुसॉन शहराच्या दोन्ही बाजूंना त्याच्या नावाचं राष्ट्रीय उद्यान आहे आणि त्या एका उद्यानात साधारण वीस लाख सवारो आहेत. ॲरिझोनाच्या कायद्यात त्याला संरक्षण आहे. चोर उपटून नेतात म्हणून उद्यानवाल्यांनी काही झाडांमध्ये चक्क मायक्रोचिप बसवल्यात. स्कॅनर फिरवला की चोरीचं झाड ओळखता येतं.

मग मी तुमचा वेळ का घेतोय? कारण या झाडाचं घड्याळ.

सवारोचं बी खसखशीच्या दाण्याएवढं असतं. रुजल्यावर पहिल्या आठ वर्षांत रोप जेमतेम तीन-चार सेंटिमीटर वाढतं. आठ वर्षांत! तुमच्या अंगठ्याच्या एका पेराएवढं. पहिलं फूल यायला साधारण ३५ वर्षं लागतात. इमोजीत दिसतात ते हात फुटायला ५० ते ७५, कोरड्या जागी शंभरसुद्धा. आयुष्य दीडशे ते दोनशे वर्षांचं. म्हणजे फोटोत आपण ज्या ऐटबाज, हातवाल्या सवारोंचं कौतुक करतो, त्यातले बरेचसे एकोणिसाव्या शतकात किंवा विसाव्याच्या सुरुवातीला जन्मलेत.

मी सॉफ्टवेअरवाला माणूस, म्हणून आमच्या भाषेत सांगतो. डॅशबोर्ड हिरवा आहे, पण त्यावरचा डेटा शंभर वर्षं जुना आहे. आज उभी असलेली झाडं सांगतात ती तेव्हाच्या हवामानाची बातमी. आजची बातमी हवी असेल, तर गुडघे टेकून झुडपांखाली बोटाएवढी रोपं शोधावी लागतात.

झुडपांखालीच का? कारण उघड्यावर रोप जगत नाही. उन्हात करपतं, थंडीत गोठतं, नाहीतर कुणीतरी कुरतडतं. पालो व्हर्डे, मेस्कीट, आयर्नवूड अशा झाडांच्या सावलीत ते वाढतं. तिथे या झाडांना ‘नर्स ट्री’ म्हणतात, मी त्यांना दाई-झाडं म्हणेन.

मोठा झाल्यावर सवारो हे सगळं व्याजासकट फेडतो. पाऊस पडला की मुळं पाणी ओढतात आणि खोडाच्या चुण्या पेटीच्या भात्यासारख्या फुलतात. गिला सुतारपक्षी खोडात ढोली कोरतो. तो सोडून गेला की तिथे इवलंसं एल्फ घुबड राहायला येतं. फुलं रात्री उमलतात. तेव्हा मेक्सिकोहून स्थलांतर करून आलेली लांब नाकाची वटवाघळं मध प्यायला येतात आणि परागीकरण करून जातात. सकाळी तीच फुलं पारवे आणि मधमाश्यांच्या वाट्याला येतात. ऐन जूनमध्ये, बाकी सगळं वाळलेलं असताना, फळं पिकतात. तिथले मूळचे तोहोनो ओओधम लोक लांब काठीने ती उतरवतात. काठीसुद्धा मेलेल्या सवारोच्या आतल्या लाकडाची. त्या फळांचा पाक करतात, तो आंबवून पावसाला बोलावण्याचा विधी करतात. त्यांचं नवं वर्ष इथूनच सुरू होतं. सवारो त्यांच्या लेखी झाड नाही, माणूस आहे.

आता एक जुनी केस ऐका, कारण पुढचं त्यावर अवलंबून आहे. १९३३ मध्ये टुसॉनजवळचं सवारोचं जंगल संरक्षित झालं. थोड्याच वर्षांत तिथली मोठी झाडं सडून कोसळायला लागली आणि लहान रोपं तर दिसतच नव्हती. संशय गेला एका जिवाणूवर. १९४० च्या दशकात रोगट झाडं तोडून पुरण्यात आली. तरी मरणं थांबेना. हे जंगल शतक संपायच्या आत संपणार, अशी भाकितं झाली.

खरं कारण निघालं वेगळंच. म्हातारी झाडं कडाक्याच्या थंडीच्या लाटांनी दुखावली होती, सडणं हा त्याचा परिणाम होता. आणि रोपं नव्हती, कारण सरपणासाठी दाई-झाडं तोडली गेली होती आणि गुरांनी जमीन तुडवली होती. १९५८ मध्ये त्या भागातली चराई बंद झाली. मग हळूहळू रोपं दिसू लागली. आज तिथे तरुण सवारोंची गर्दी आहे. लक्षात घ्या, उपाय लागू पडलाय हे कळायलाच काही दशकं गेली.

आताचे प्रश्न तीन. पहिला पाण्याचा. १९९० च्या दशकापासूनच्या दीर्घ अवर्षणात नवी रोपं फारच कमी तगलीत.

दुसरा उष्णतेचा. सवारो दिवसा आपली छिद्रं बंद ठेवतो आणि रात्री गारव्यात उघडून कार्बन डायऑक्साइड घेतो. म्हणजे रात्र गार हवीच. २०२३ च्या उन्हाळ्यात फिनिक्समध्ये सलग ३१ दिवस पारा ४३ अंशांच्या वर होता आणि रात्रीही तापलेल्या. तिथल्या वनस्पती उद्यानात सवारोंचे हात गळून पडले, काही सवारो उभ्या उभ्या कोसळले.

तिसरा प्रश्न आगीचा, आणि इथे आपली ओळख निघते. बफेल गवत म्हणून एक गवत चाऱ्यासाठी आणि धूप थांबवायला गेल्या शतकात तिकडे नेलं गेलं. ते मूळचं आफ्रिकेतलं आणि आपल्या भागातलं. आपण त्याला अंजन गवत म्हणतो. राजस्थान-गुजरातच्या कोरड्या कुरणांत ते गुरांचा उत्तम चारा आहे, तिथे त्याची कुणालाच तक्रार नाही. सोनोरन वाळवंटात मात्र झाडाझाडांमध्ये मोकळी जमीन असायची, त्यामुळे आग पसरायची नाही. हे गवत नेमकी ती मोकळी जागा भरतं. एकदा पेटलं की सवारो जळतो, गवत मात्र मुळातून पुन्हा फुटतं. टुसॉनमधले स्वयंसेवक सुट्टीच्या दिवशी पहारी घेऊन डोंगर चढतात आणि एकेक ठोंब उपटतात. कंटाळवाणं काम आहे, पण त्याचा उपयोग होतो.

उपयोग होतो हे मी नुसतं धीर द्यायला म्हणत नाहीये. त्या लांब नाकाच्या वटवाघळांचंच बघा. १९८८ मध्ये त्यांची माहितीतली संख्या हजाराच्याही खाली होती, म्हणून अमेरिकेने त्यांना संकटग्रस्त ठरवलं. दोन्ही देशांनी त्यांच्या गुहा जपल्या, लोकांशी बोलणी केली. २०१८ मध्ये संख्या दोन लाखांच्या आसपास गेली आणि नाव यादीतून निघालं. वेळ मात्र तीस वर्षं लागला.

म्हणून पुढच्या वेळी कुठल्याही प्राण्या-झाडावर ‘लीस्ट कन्सर्न’ वाचलंत, तर दोन प्रश्न विचारा. हा शिक्का कधी मारला? आणि मोजलेल्यांमध्ये पिल्लं किती, रोपं किती? मोजदाद करणारे हेच विचारत असतात, आपण फक्त शिक्का वाचून पुढे स्क्रोल करतो.

या पावसाळ्यात ॲरिझोनात एखादं बी पालो व्हर्डेच्या सावलीत रुजलं आणि नशिबाने तगलं, तर त्याला पहिला हात फुटेल २१०० च्या आसपास. तो बघायला आपण नसू. त्याच्या आजूबाजूचं गवत उपटणारेही नसतील. तरी ते उपटतायत.

आजच्यापुरतं एवढंच. तुमच्या गावाकडे बांधावरच्या निवडुंगाला काय म्हणतात, ते मला नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात!