गाडी वेळेत आली, पण पुढे काय?
(प्रभागसंघाच्या मासिक बैठकीतील भाषण)



गटाची ग्रेड कशी ठरते, ते तुम्हाला ठाऊक आहे. बैठक, बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड आणि दप्तर. बचत अगदी चोख, पण दप्तर कोरं असेल, तर तो गट पंचसूत्रीत बसत नाही. हाच हिशोब आज ॲम्ब्युलन्सला लावून बघू.

आपण विचारतो, गाडी किती मिनिटांत आली? प्रश्न बरोबर आहे, पण अर्धाच आहे. आल्यावर गाडीतल्या लोकांनी पेशंटसाठी काय केलं, हे कोण विचारतं?

इंग्लंडमधल्या ॲम्ब्युलन्स सेवांनी २०१० ते २०१२ या काळात हेच तपासलं. हार्ट अटॅकच्या पेशंटसाठी चार गोष्टी ठरवल्या: ॲस्पिरिन, जिभेखाली द्यायचं औषध, किती दुखतंय ते विचारणं आणि दुखणं कमी करायचं औषध. पक्षाघातासाठी तीन: चेहरा-हात-बोलणं बघणं, साखर तपासणं, बीपी घेणं. एक जरी राहिली, तरी ती केस अपुरी धरायची.

सुरुवातीला हार्ट अटॅकच्या १०० पैकी ४३ जणांनाच चारही गोष्टी मिळत होत्या. शेवटी ७९ जणांना मिळाल्या. पक्षाघातात हाच आकडा ८३ वरून ९६ वर गेला. कसं जमलं? कर्मचाऱ्यांनी कामाच्या पायऱ्या कागदावर मांडल्या, कुठे काय सुटतं ते शोधलं, लहान बदल करून पाहिले आणि आकडे पुन्हा पुन्हा तपासले.

पण ताई, आकडा वाढला म्हणून लगेच टाळ्या नकोत. काम सुधारलं, की नुसती नोंद सुधारली? पेशंट वाचला का? कर्ज मिळालं म्हणजे म्हैस दूध द्यायला लागली, असं होत नाही ना!

आपल्याकडे २०१४ पासून १०८ ची गाडी मोफत येते. आपणही गावात एक वही ठेवूया. फोन किती वाजता केला, गाडी किती वाजता आली, बीपी-साखर तपासली का, औषध काय दिलं, कुठल्या दवाखान्यात नेलं. पेशंटचं नाव लिहायचं नाही. पक्षाघात असेल तर त्रास किती वाजता सुरू झाला, ते गाडीतल्या डॉक्टरांना आठवणीने सांगायचं. पुढचे उपचार त्या वेळेवर ठरतात.

ही वही कुणाशी भांडायला नाही. दर महिन्याला ती गावच्या आरोग्य समितीपुढे ठेवायची आणि कोणती गोष्ट वारंवार सुटते, ते दाखवायचं. दप्तर लिहायला आपण शिकलोच आहोत. आता ते जीव वाचवायच्या कामीही लावूया.