पोटरी दुखेपर्यंत चाला



संध्याकाळी फिरायला निघालेली मंडळी जरा निरखून पाहा. एखादे आजोबा चार दुकानं ओलांडली की भाजीच्या गाडीपाशी थांबतात, मेथीची जुडी उलटीपालटी करतात, भाव विचारतात आणि काहीच न घेता पुढे जातात. तेवढंच अंतर गेलं की पुढच्या गाडीवर तोच प्रकार. भाजीवाला वैतागतो. पण आजोबांना मेथी नकोच असते. पोटरीत आलेला गोळा उतरायला त्यांना दोन-चार मिनिटं हवी असतात.

पायांना रक्त पुरवणाऱ्या धमन्या आतून चरबीचे थर साचून अरुंद झाल्या की असं होतं. बसल्या जागी रक्त पुरतं. चालताना स्नायू जास्त मागतात आणि पोटरी भरून येते. बिडी-सिगारेट ओढणाऱ्यांत आणि मधुमेहींमध्ये हा आजार अधिक. घोट्याचा आणि दंडाचा रक्तदाब मोजून त्यांचं गुणोत्तर काढतात, ते ०.९ किंवा त्याखाली आलं की निदान होतं. तपासणी इतकी साधी, तरी आपल्याकडे बरेच जण 'वय झालं' म्हणून गप्प बसतात. आधी लांबचं लग्न टळतं, मग देऊळ, मग कट्टा. घरचे म्हणतात, बाबा हल्ली कंटाळलेत.

अशा माणसाला 'दुखतंय ना, मग बसून राहा' असं प्रेमानं सांगितलं जातं. माझ्या मते याहून वाईट सल्ला नाही. चालायचं, पोटरी चांगली दुखू लागेपर्यंत. मग थांबायचं, दुखणं गेलं की पुन्हा निघायचं. सुरुवातीला विसावा धरून अर्धा तास, पुढे पाऊणएक तास. आठवड्यातून निदान तीनदा, निदान १२ आठवडे. १९६६ साली लार्सन आणि लासेन या डॅनिश संशोधकांनी मोजक्या रुग्णांवर अशा व्यायामाने चालण्याची क्षमता वाढते हे दाखवलं होतं. गंमत म्हणजे धमनीतला अडथळा जागचा हलत नाही. स्नायू मिळेल तेवढ्या प्राणवायूत जास्त काम करायला शिकतात, रक्तवाहिन्यांचं अस्तर सुधारतं, चालही सुधारते. मात्र दुखणं टाळून रमतगमत चालण्याचा फारसा उपयोग नाही. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या एका चाचणीत वर्षभरानंतर हे स्पष्ट दिसलं.

आणखी एक चाचणी मला विचारात पाडते. २०११ सालची. ओटीपोटातल्या मोठ्या धमनीत अडथळा असलेल्या काही रुग्णांना देखरेखीखाली व्यायाम दिला, काहींना स्टेंट बसवला. सहा महिन्यांनी ट्रेडमिलवर व्यायामवाले पुढे होते. पण 'तुमचं रोजचं जगणं कितपत सुधारलं?' या प्रश्नाला स्टेंटवाल्यांनी जास्त गुण दिले. नुसत्या औषधांवर ठेवलेल्यांपेक्षा दोघंही सरस. मला वाटतं, व्यायाम करणाऱ्याला दुखण्याला रोज तोंड द्यावं लागतं, त्याचं श्रेय तो स्वतःला देत नाही. म्हणून घरच्यांनी मिनिटं मोजू नयेत. नातवाला शाळेत सोडून आलात का, बाजारातून एका दमात परतलात का, हे विचारावं. सोबत चालावं, वाटेत बसायला बाक किंवा पार असेल असा रस्ता निवडावा. तंबाखू तर सुटलीच पाहिजे.

सुरुवात डॉक्टरांना विचारून करा, हृदयविकार असेल तर नक्कीच. मधुमेहींनी अनवाणी चालू नये. आणि रात्री पाय ठणकून पलंगाखाली सोडावा लागत असेल, बोट काळं पडत असेल किंवा पायाची जखम भरत नसेल, तर व्यायामाचं नाव काढू नका. त्याच दिवशी रुग्णालय गाठा.