यंत्रांचा कित्ता

बँकेचीं खातीं, रेल्वेचीं तिकिटें, परीक्षांचे निकाल, इस्पितळांतील रोग्यांच्या नोंदी, या सर्वांचा सांभाळ हल्लीं ज्या इमारतींतून होतो त्यांना डेटा सेंटर म्हणतात. नवी मुंबईंत ऐरोली, रबाळे, महापे या भागांत अशा इमारती बऱ्याच उभ्या राहिल्या आहेत. बाहेरून त्या एखाद्या गोदामासारख्या दिसतात. आंत मात्र संगणकयंत्रें एकावर एक रचून रांगेनें मांडलेलीं असतात, आणि त्यांना थंड राखणाऱ्या पंख्यांचा घोष अखंड चालूं असतो. हीं यंत्रें म्हणजे सर्व्हर. परंतु श्रोत्यांस आश्चर्य वाटेल तें असें कीं, तेथें जितके सर्व्हर डोळ्यांना दिसतात त्यांहून किती तरी अधिक काम करीत असतात. न दिसणाऱ्या या सर्व्हरांना 'व्हर्च्युअल मशीन', म्हणजे आभासी यंत्र, असें नांव आहे. हीं यंत्रें ज्या साच्यांतून निघतात ते साचे कसे राखावे लागतात, आणि त्यांत हयगय झाल्यास काय अनर्थ ओढवतो, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

आभासी यंत्राची कल्पना वाटते तितकी नवी नाहीं. १९६७ सालीं अमेरिकेंतील केंब्रिज येथें आय. बी. एम. कंपनीच्या शास्त्रीय केंद्रांत सीपी-४० नांवाची व्यवस्था चालूं झाली. तिच्या योगानें एकच मोठा संगणक अनेकांत वांटला जाई, आणि तरीही प्रत्येकास आपल्यापुढें संपूर्ण संगणक आहे असें भासे. १९७२ सालीं त्याच कंपनीनें व्हीएम/३७० ही व्यवस्था जाहीर केली. पुढें १९९८ सालीं स्थापन झालेल्या व्हीएमवेअर कंपनीनें हीच किमया साध्या, स्वस्त संगणकांवर करून दाखविली, आणि २००६ सालीं अमेझॉननें अशीं यंत्रें तासाच्या भाड्यानें देण्यास आरंभ केला. वाडा एकच, परंतु आंत भिंती घालून बिऱ्हाडें अनेक, असा हा प्रकार आहे. भेद इतकाच कीं, येथील बिऱ्हाडकरूस शेजारीं कोणी राहतें याची वार्ताही नसते.

आतां असें एक यंत्र उभें करावयाचें म्हणजे काय काय करावें लागतें तें पाहूं. प्रथम त्यांत विंडोज किंवा लिनक्स घालावें लागतें. मग त्याच्या आजवरच्या दुरुस्त्या, सुरक्षिततेचे बंदोबस्त, घड्याळाची जुळणी, देखरेख करणारे कार्यक्रम, असें एक एक चढवावें लागतें. जाणत्या माणसाचेही यांत कित्येक तास जातात. शिवाय हातानें केलेलीं दहा यंत्रें दहा तऱ्हांचीं होतात तें वेगळेंच. म्हणून एकच यंत्र नीट तयार करून बंद करून ठेवावें आणि लागतील तशा त्याच्या प्रती काढाव्या, ही युक्ति निघाली. या मूळ यंत्रास 'टेंप्लेट' म्हणतात. त्यावरून नवें यंत्र कांहीं मिनिटांत उभें राहतें. मुलांचें अक्षर वळविण्यासाठीं शाळेंत कित्ता देत, तसा हा यंत्रांचा कित्ता होय. कित्ता सुरेख असला तर सारा वर्ग सुरेख लिहितो. पण मूळ कित्त्यांतच एखादें अक्षर चुकलेलें असलें, तर तें चाळीस वह्यांतून चुकतें, आणि तेथें मुलांना बोल लावण्यांत अर्थ नसतो.

मुलानें गिरविलेल्या अक्षरांत आणि यंत्राच्या प्रतींत मात्र एक मोठें अंतर आहे. मुलाचें अक्षर कित्त्यासारखें असूनही त्याचें स्वतःचें असतें. यंत्राची प्रत केसाचाही फरक न होतां तशीच्या तशी उतरते. आणि कांहीं गोष्टी तशाच्या तशा उतरतां कामा नयेत. प्रत्येक यंत्राला आपली अशी ओळख असते. लिनक्सच्या यंत्रांत 'मशीन-आयडी' नांवाचा ओळख-क्रमांक एका लहानशा फायलींत लिहिलेला असतो. विंडोजमध्येंही असा क्रमांक असतो. शिवाय दूरच्या संगणकाशीं गुप्त संभाषण करतांना आपली खूण पटविण्यासाठीं यंत्रापाशीं किल्ल्या असतात. या किल्ल्या टेंप्लेटांत राहून गेल्या, तर त्यांतून निघालेल्या शंभर यंत्रांपाशीं एकच किल्ली येते. आणि एका यंत्रांतून ती चोरीस गेली कीं शंभरांपैकीं कोणाचेंही सोंग चोरास घेतां येतें. ओळख-क्रमांकाचा घोटाळा याहून चमत्कारिक आहे. लिनक्सच्या कांहीं आवृत्ति जाळ्यांतील पत्ता मागतांना याच क्रमांकाचा आधार घेतात. दोन प्रतींचा क्रमांक एक असला, तर पत्ते वांटणारा सर्व्हर त्यांना एकच यंत्र समजतो आणि दोघांनाही एकच पत्ता देतो. एकाच घरनंबराचीं दोन घरें झाल्यावर टपालाची जी गत होते, तीच मग तेथें होते.

म्हणून टेंप्लेट मोहोरबंद करण्यापूर्वीं त्याची ओळख पुसून टाकावी लागते. विंडोजसाठीं मायक्रोसॉफ्टनें 'सिसप्रेप' नांवाचें साधन दिलेलें आहे. लिनक्समध्यें मशीन-आयडीची फाईल रिकामी करतात आणि जुन्या किल्ल्या काढून टाकतात. मग प्रत पहिल्यानें सुरू होतांच 'क्लाउड-इनिट' नांवाचा कार्यक्रम तिला नवें नांव आणि नव्या किल्ल्या देतो. बारशापूर्वीं मुलास नांव नसतें, तसाच येथील नियम आहे.

ओळखीप्रमाणेंच मागें राहिलेल्या वस्तूंचीही भीति असते. टेंप्लेट तयार करणारा मनुष्य कामाच्या ओघांत आपला पासवर्ड लिहितो, चांचणीसाठीं एखादी किल्ली ठेवतो, आणि ती काढावयाचें विसरतो. २०१२ सालीं फ्रान्समधील युरेकॉम संस्थेंतील संशोधकांनीं आपल्या सहकाऱ्यांसह या विषयावर एक निबंध प्रसिद्ध केला. अमेझॉनच्या सेवेंत कोणासही वापरतां येतील अशीं पांच हजारांहून अधिक जाहीर टेंप्लेटें त्यांनीं तपासलीं होतीं. विंडोजच्या टेंप्लेटांपैकीं शेंकडा ९८ आणि लिनक्सच्या टेंप्लेटांपैकीं शेंकडा ५८ यांत गंभीर दोष असलेले कार्यक्रम आढळले. कित्येकांत करणाऱ्याच्या किल्ल्या तशाच पडून होत्या; इतकेंच नव्हे, तर पुसून टाकलेल्या फायलीही पुन्हां वाचतां येत होत्या. दुसऱ्याचे श्रम वांचावे हाच बहुतेक देणाऱ्यांचा हेतु असावा. पण चांगल्या हेतूनें किल्ली लपत नाहीं.

तिसरी अडचण काळाची, आणि ती सर्वांत मोठी. चालूं यंत्राला वरचेवर दुरुस्त्या मिळत असतात. व्यवहारांत त्यांना 'पॅच' म्हणतात. पॅच म्हणजे ठिगळ, आणि शब्द समर्पकच आहे. टेंप्लेट मात्र निजलेलें असतें, आणि निजलेल्या यंत्राला ठिगळ आपोआप लागत नाहीं. २००५ सालीं स्टॅनफर्ड विद्यापीठांतील टॅल गारफिंकेल आणि मेंडेल रोझेनब्लम यांनीं या गोष्टीकडे लक्ष वेधलें होतें. बंद ठेवलेलें आभासी यंत्र बऱ्याच काळानें चालूं केलें, म्हणजे बुजविले असे समजलेले दोष त्याच्याबरोबर पुन्हां बाहेर येतात.

याचें मर्म कळण्यास 'हार्टब्लीड' या दोषाचें उदाहरण पुरें आहे. गुप्त संभाषणासाठीं ओपनएसएसएल नांवाचा कार्यक्रमसंच जगभर वापरला जातो. १४ मार्च २०१२ रोजीं त्याची १.०.१ ही आवृत्ति निघाली, तींत एक चूक राहून गेली होती. बाहेरच्या माणसानें विशिष्ट तऱ्हेनें विचारणा केली कीं, सर्व्हर आपल्या स्मृतींतील ६४ किलोबाइटपर्यंतचा मजकूर त्याच्या हवालीं करी; त्यांत पासवर्डही जाऊं शकत आणि गुप्त किल्ल्याही जाऊं शकत. ७ एप्रिल २०१४ रोजीं ही चूक जाहीर झाली आणि दुरुस्त आवृत्तिही त्याच दिवशीं निघाली. चालूं यंत्रें दुरुस्त करण्याची जगभर एकच धांवपळ उडाली. पण श्रोत्यांनीं विचार करावा. मधल्या दोन वर्षांत ज्या टेंप्लेटांत ही सदोष आवृत्ति जाऊन बसली होती, त्यांचें काय? सर्व चालूं यंत्रें दुरुस्त झालीं तरी काम संपत नव्हतें. महिन्यानें कोणी त्याच टेंप्लेटांतून नवें यंत्र काढलें कीं, ती चूक पुन्हां दारांत उभी.

यावरचा जुना आणि अजूनही पुष्कळ ठिकाणीं चालणारा उपाय असा. व्हीएमवेअरच्या व्यवस्थेंत टेंप्लेट तसेंच चालूं करतां येत नाहीं. तें आधीं साध्या यंत्रांत बदलावें लागतें. मग तें इतरांपासून अलग जाळ्यांत चालूं करावें, पॅच लावावे, ओळख पुन्हां पुसावी, यंत्र बंद करावें आणि त्याचें पुन्हां टेंप्लेट करावें. हें काम महिन्यांतून एकदां ठरल्या वेळीं झालेंच पाहिजे. मायक्रोसॉफ्टचे पॅच महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारीं निघतात, म्हणून तो आठवडा त्यासाठीं राखून ठेवणें सोईचें पडतें.

या रीतींत एक उणेपणा आहे. घरोघरीं कालच्या दह्याचें विरजण आज लावतात. तेंच विरजण महिनोन्महिने चाललें, म्हणजे एखाद्या दिवशीं दही बिघडतें आणि बिघाड नेमका केव्हां शिरला हें कोणासही सांगतां येत नाहीं. वर्षानुवर्षें ठिगळें लावलेल्या टेंप्लेटाचें असेंच होतें. कोणी काय बदललें आणि कां बदललें याचा पत्ता राहत नाहीं. करणारा मनुष्य नोकरी सोडून गेलेला असतो. म्हणून आतां टेंप्लेट जपण्यापेक्षां तें करण्याची कृति लिहून जपावी, असा विचार पुढें आला आहे. २०१३ सालीं हॅशिकॉर्प कंपनीनें 'पॅकर' नांवाचें साधन प्रसिद्ध केलें. त्याला कृति लिहून दिली कीं, तें कोऱ्या यंत्रापासून आरंभ करून सर्व पायऱ्या क्रमानें पार पाडतें आणि शेवटीं ताजें टेंप्लेट हातीं देतें. कृति साध्या मजकुराची असल्यामुळें ती दुसऱ्यास वाचतां येते, तपासतां येते, आणि प्रत्येक बदल कोणी केला याची नोंद ठेवतां येते.

टेंप्लेट नवें झालें तरी तें तपासल्यावांचून वापरांत आणूं नये. एक प्रत काढून ती सुरू होते कीं नाहीं, पत्ता घेते कीं नाहीं, घड्याळ बरोबर आहे कीं नाहीं, हें पाहावें. नांवांत तारीख घालावी. 'अंतिम' आणि 'नवें अंतिम' अशीं नांवें ठेवल्यास कोणतें खरें अंतिम याचा वाद पुढें माजतो. मागचें एक टेंप्लेट अडचणीसाठीं ठेवून त्याहून जुनीं काढून टाकावीं. मात्र जागा वांचविण्यासाठीं 'लिंक्ड क्लोन' काढले असतील तर सावधपणा हवा; अशा प्रतींत फक्त बदललेला भाग असतो, आणि मूळ पुसलें कीं त्या सर्व एकदम निराधार होतात. कांहीं टेंप्लेटें तर सुधारण्यापलीकडे गेलेलीं असतात. सेंटओएस ७ या लिनक्सचा आधार ३० जून २०२४ रोजीं संपला; त्याच्या टेंप्लेटास निरोप देणें हेंच शहाणपण. आणखी एक गोष्ट विसरूं नये. टेंप्लेट सुधारलें म्हणून त्यांतून पूर्वीं निघालेलीं यंत्रें आपोआप सुधारत नाहींत. त्यांना वेगळे पॅच लावावे, किंवा तीं काढून त्यांच्या जागीं नवीं आणावीं.

इतका खटाटोप कशासाठीं, असें कोणी विचारील. १४ मार्च २०१७ रोजीं मायक्रोसॉफ्टनें विंडोजमधील एका दोषावर पॅच काढला. १२ मे रोजीं त्याच दोषाचा फायदा घेऊन 'वॉनाक्राय' नांवाचा उपद्रवी कार्यक्रम जगभर पसरला. इंग्लंडच्या राष्ट्रीय आरोग्यसेवेंत रोग्यांना दिलेल्या निदान ६,९१२ भेटी रद्द कराव्या लागल्या, आणि एकूण आंकडा १९,००० च्या वर असावा असा अंदाज तेथील सरकारी हिशेबतपासणी कार्यालयानें त्याच वर्षीं दिला. लागण झालेल्या संस्थांतील यंत्रांना पॅच तरी लावलेले नव्हते, किंवा त्यांचा आधार तरी संपलेला होता. ही घटना टेंप्लेटांची नव्हे, जुनेपणाची होती. पण जुनें टेंप्लेट हा जुनेपणाचा झराच असतो. मधल्या दोन महिन्यांच्या हयगयीचें मोल, दवाखान्याच्या दारांतून परत गेलेल्या रोग्यांनीं भरलें.

हें काम करणाऱ्याचें नांव कोठें छापून येत नाहीं, आणि तें नीट झालें तर कोणाच्या लक्षांतही येत नाहीं. म्हणूनच तें टाळण्याचा मोह होतो. ज्या सहकारी बँकेंत, शाळेंत किंवा इस्पितळांत अशीं यंत्रें भाड्यानें घेतलीं असतील, तेथील संचालकांस संगणकशास्त्र येण्याची गरज नाहीं. आमचें टेंप्लेट शेवटचें केव्हां नवें केलें, तें कोणी तपासलें, आणि जुनें केव्हां काढून टाकलें, एवढें त्यांनीं महिन्यांतून एकदां विचारावें, आणि उत्तर तारखेसह वहींत लिहून घ्यावें.