घरचे दप्तर, दोन डिस्का आणि एक कार्ड



पत्रिकेवर आजचा विषय वाचून एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी मला दारातच गाठले आणि विचारले, "हे व्याख्यान आहे की दुकानाची जाहिरात?" विषय रूक्ष आहे, हे मला मान्य आहे. परंतु आज आपल्यापैकी बहुतेकांच्या घरचे जमिनीचे उतारे, लग्नाची छायाचित्रे, दुकानाचे हिशेब आणि एखाद्या घरी गेलेल्या आजीचा आवाजसुद्धा कुठल्यातरी हार्ड डिस्कवर आहे, आणि ती डिस्क एक दिवस बंद पडणार आहे. कोणत्या दिवशी, एवढेच ठाऊक नाही. म्हणून काहीजण घरात एक लहानसा संगणक रात्रंदिवस चालू ठेवतात आणि सगळ्यांच्या फोनमधले सारे त्यात उतरवून घेतात. त्यालाच घरचा सर्व्हर म्हणायचे. त्यात डिस्का दोन घालाव्यात, हे कोणीही सांगेल. वाद आहे तो त्या दोन डिस्का सांभाळायच्या कोणी, याचा.

1988 साली अमेरिकेत बर्कले येथील विद्यापीठात पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ या तिघांनी एक निबंध प्रसिद्ध केला. त्या वेळी मोठ्या संगणकांच्या डिस्का फार महाग असत. त्यांचे म्हणणे असे की, स्वस्त डिस्का पुष्कळ घ्या आणि एखादी गेली तरी माहिती जाणार नाही अशी त्यांची सांगड घाला. या सांगडीचे नाव रेड. लाल रंगाशी तिचा संबंध नाही. तिचे प्रकार अनेक आहेत, आपल्याला दोन पुरेत. एक आरशाचा: जे पहिल्या डिस्कवर, तेच दुसरीवर. दुसरा बेरजेचा: एका वहीत 7, दुसरीत 5 आणि तिसरीत त्यांची बेरीज 12. कोणतीही एक वही हरवली तरी उरलेल्या दोहोंवरून तिच्यातला आकडा निघतो. यंत्र बेरजेऐवजी सम-विषम पाहते, पण तत्त्व हेच.

हे काम एकतर वेगळे कार्ड करते, किंवा संगणकाची कार्यप्रणालीच करते. कार्डाला स्वतःचा प्रोसेसर असतो, स्वतःची मेमरी असते. संगणक मंद होते तेव्हा असा वेगळा कारकून नेमणे शहाणपणाचे होते. आजचा साधा प्रोसेसर ही बेरीज हातचे काम न सोडता करतो, आणि कारकून मात्र बसून पगार खातो. पगार म्हणजे वीज. कार्डाने दहा वॅट घेतले असे धरा. वर्षाचे तास 8760, म्हणजे जवळजवळ 88 युनिटे नुसत्या कार्डाची. शिवाय अशी पुष्कळ कार्डे डिस्कांना झोपू देत नाहीत. कचेरीतून काढलेला 90 वॅटचा जुना सर्व्हर वर्षाला 788 युनिटे खातो. दोन लहान डिस्कांचा 15 वॅटचा छोटा संगणक 131 युनिटांत भागवतो. त्यातून कार्ड तापते. त्याची रचना मोठ्या पंख्यांच्या थंड खोलीसाठी केलेली, आणि आपला नगरचा वैशाख आपण जाणताच.

कार्डाची बाजूही सांगितली पाहिजे. वळवाचा पाऊस येतो आणि वीज जाते. त्याच क्षणी 7 चे 9 लिहून झालेले असते, पण बेरीज अजून 12 च असते. चांगल्या कार्डावर बॅटरी असते, ती हे अर्धे लिखाण जपून ठेवते. हा गुण खरा आहे. परंतु एक साधा यूपीएस घेऊन, वीज गेल्याचा निरोप संगणकाला पोचून तो नीट बंद होईल अशी व्यवस्था केली, तर घरापुरते काम भागते.

मी स्वतः हा धडा उलट क्रमाने शिकलो. कार्ड असलेला जुना सर्व्हर हौसेने घेतला आणि एके दिवशी ते कार्डच गेले. डिस्का दोन्ही ठणठणीत; पण त्यांवरची मांडणी त्या कार्डाच्या घराण्याची, दुसऱ्याला ती वाचता येईना. तशाच जुन्या कार्डाच्या शोधात दोन महिने गेले. वडिलांची सारी पत्रे समोरच्या डिस्कांत आहेत आणि एक अक्षर दिसत नाही, ही स्थिती मी कोणावर येऊ नये म्हणेन. लिनक्सने सांभाळलेल्या डिस्का दुसऱ्या कोणत्याही लिनक्स संगणकाला जोडा, त्या उघडतात. (मदरबोर्डावर फुकट मिळणारी 'रेड'ची सोय मात्र घेऊ नका, तिच्यात कार्डाची अडवणूक आहे आणि कार्डाचे गुण नाहीत.)

आणखी एक गोष्ट आपल्या जिल्ह्यातली. नेवाशाला 1290 साली ज्ञानेश्वरी सिद्ध झाली. सच्चिदानंदबाबांनी ती लिहून घेतली अशी परंपरा आहे. पुढे नकलांवर नकला झाल्या. ग्रंथ टिकला तो नकलांमुळे आणि पाठ बिघडले तेही नकलांमुळेच. 1584 साली एकनाथमहाराजांना प्रती ताडून शुद्ध पाठ ठरवावा लागला. साध्या आरशाची हीच अडचण आहे. दोन डिस्कांवर एकाच जागी दोन निराळी अक्षरे निघाली तर खरे कोणते, हे त्याला ठरवता येत नाही. सन मायक्रोसिस्टिम्स कंपनीने 2005 साली खुली केलेली झेडएफएस ही पद्धत प्रत्येक तुकड्याची पडताळणीची खूण वेगळी नोंदवते. वाचताना खूण जुळली नाही, तर दुसरीवरची प्रत घेऊन पहिली दुरुस्त करते. त्यासाठी तिला दोन्ही डिस्का उघड दिसाव्या लागतात. मध्ये कार्ड बसले की पडदा आला.

तेव्हा घरासाठी माझे मत कार्डाविरुद्ध आहे. मात्र नातवाने चुकून छायाचित्रे पुसली, तर आरसा तीही इमानाने दोन्हीकडून पुसतो. चोराला आणि आगीला तर दोन डिस्का एकच. म्हणून तिसरी प्रत वेगळ्या डिस्कवर करून बहिणीकडे संगमनेरला किंवा श्रीरामपूरला ठेवा, आणि सहा महिन्यांनी ती उघडून पाहा. पैसे एकाच गोष्टीला पुरत असतील, तर आधी ही तिसरी प्रत, आरसा मागाहून.

या टेबलावर तसाच छोटा संगणक मांडला आहे. पडद्यावर छायाचित्र दिसते आहे. आता मी त्यातली एक डिस्क काढतो. छायाचित्र जागेवरच आहे, पाहा. आता तिच्या जागी ही कोरी डिस्क लावतो. ती भरून यायला काही मिनिटे लागतील, तोवर प्रश्न विचारावेत.