खाणीतला वायू कोणाच्या हिशेबी?

(मरोळ येथे कार्यकर्त्यांच्या बैठकीत केलेले भाषण)



मरोळच्या एमआयडीसीशेजारी बसून कोळशाच्या खाणीविषयी कशाला बोलायचे, असे काहींना वाटेल. परंतु आपल्या उपनगरांच्या विजेचा भार डहाणूच्या ५०० मेगावॅटच्या केंद्राने वर्षानुवर्षे वाहिला आहे, आणि ते केंद्र कोळशावर चालते.

कोळशाच्या थरात मिथेन कोंडलेला असतो. थर फोडला की तो सुटतो. हवेत त्याचे प्रमाण ५ ते १५ टक्के झाले की एक ठिणगी पुरते. धोरीला २८ मे १९६५ रोजी स्फोटात २६८ कामगार गेले. भाटडीहला सप्टेंबर २००६ मध्ये ५०. म्हणून खाणीतून परतणाऱ्या हवेत मिथेन पाऊण टक्क्यावर जाता कामा नये, असा नियम आहे. नियम योग्यच आहे. पंखा बंद पडला तर काय होते, हे खाणकामगाराच्या घरी विचारावे. मात्र या नियमाची नजर खाणीच्या तोंडाशी संपते. बाहेर फेकलेला वायू वातावरणात सुमारे बारा वर्षे टिकतो, आणि वीस वर्षांच्या हिशेबात तेवढ्याच वजनाच्या कार्बन डायऑक्साइडच्या ऐंशीपट उष्णता धरतो.

चंद्रपूर, वणी, उमरेड या आपल्या पट्ट्यात बहुतेक कोळसा आता उघड्या खाणींतून निघतो. तेथे टनामागे वायू कमी, हे मान्य. स्फोटाचे भय नाही, म्हणून तो मोजण्याची निकडही कोणाला वाटत नाही. पण २०२४-२५ मध्ये देशाचे उत्पादन १०० कोटी टनांपुढे गेले. थोड्याला एवढ्याने गुणल्यावर ते थोडे राहत नाही.

२०२१ साली ग्लासगो येथे मिथेन घटविण्याचा जागतिक संकल्प झाला, त्यावर भारताने सही केली नाही. आमचा मिथेन भातशेतीचा आणि गुरांचा, म्हणजे गरिबाच्या पोटाचा, असे आपले सरकार सांगते. त्यात तथ्य आहे. पण शेतकऱ्याच्या गाईआड खाणमालकाने का लपावे? २०२० पासून तर खाजगी कंपन्यांना विक्रीसाठी कोळसा काढण्याचे लिलाव चालू आहेत.

धनबादजवळच्या मुनिडीह खाणीत थरातला मिथेन काढून त्यावर वीज निर्माण करण्याचा प्रयोग झालेला आहे. खोल, वायुयुक्त खाणींत ते शक्य आहे. उघड्या खाणीत अवघड. तेथे निदान मोजणी तरी हवी.

म्हणून माझा ठराव असा : प्रत्येक खाणपट्ट्याच्या करारात मिथेनच्या मोजणीची आणि शक्य तेथे तो आधी काढून घेण्याची अट असावी, बंद खाणीतून झिरपणाऱ्या वायूची जबाबदारी मालकावरच राहावी, आणि हवामानाच्या नावाखाली एकाही कामगाराला पर्यायी कामावाचून घरी पाठवू नये. पुढील लिलावापूर्वी हे निवेदन आपल्या खासदारांच्या हाती पडले पाहिजे.