सा सोडून



व्यासपीठावर पेटी आणि पियानो शेजारी शेजारी बघून काहींना जुगलबंदी आहे असं वाटलं असेल. तसं काही नाही. हा पियानोही विजेवरचा आहे. खरा पियानो जिन्याने वर चढवायला संयोजक तयार नव्हते, आणि त्यांचं काही चुकलं नाही. पेटी का आणली, ते पुढे कळेल.

आधी एक ऐका. (वाजवतात.) सा, ग, प. पांढरी एक, तीन, पाच. पियानो शिकायला बसलेलं पोर पहिल्या दिवशी ही कॉर्ड वाजवतं. आता हेच तीन स्वर दोन सप्तकं खाली. (वाजवतात. सभागृहात हशा.) हसलात ना? रिकाम्या पिंपात कुणीतरी गुरगुरावं, तसं वाटतं. स्वर तेच, नावं तीच, बोटंही तीच. मग बिघडलं काय?

मधल्या सप्तकात हा सा सेकंदाला सुमारे २६२ वेळा कंप पावतो आणि ग सुमारे ३३० वेळा. अंतर ६८ कंपनांचं. दोन सप्तकं खाली गेलं की तेच आकडे ६५ आणि ८२ होतात, अंतर उरतं १७. एवढ्या जवळचे दोन खालचे स्वर कानाला धड वेगळे करता येत नाहीत आणि एक मानूनही चालत नाही. त्या ओढाताणीची ती खरखर. आता खाली एकटा सा ठेवते आणि ग दोन सप्तकं वर नेते. (वाजवतात.) निवळलं की नाही?

हे तुम्हाला नवीन नाही. तंबोऱ्यात गंधाराची तार नसते, तरी जवारी चांगली लागली की गंधार ऐकू येतो. आपण त्याला स्वयंभू म्हणतो. तो खर्जाच्या पाचपट कंपनांवर असतो, म्हणजे खर्जाच्या दोन सप्तकं वरचा ग. खर्जाच्या पोटातले स्वर क्रमाने मोजा: सा, मग वरचा सा, मग प, मग त्याहून वरचा सा, मग ग. खाली ऐसपैस जागा, वर दाटीवाटी. पियानोवर चार-पाच स्वर एकत्र वाजवायचे झाले तर निसर्गाने हा नकाशा आधीच काढून ठेवला आहे. कुठला स्वर खाली, कुठला वर, कुणाशेजारी कोण, कुणाला बाहेर ठेवायचं, या मांडणीला पियानोवाले व्हॉइसिंग म्हणतात. पियानो दुरुस्त करणारेही हाच शब्द वापरतात, पण त्यांचं काम निराळं. आवाज फार कडक झाला की ते हातोड्यांवरच्या नमद्याला सुया टोचून तो मऊ करतात, तेही व्हॉइसिंगच. मिरजेत घोडीवर तारेखाली दोरा सरकवून जवारी काढणाऱ्या कारागिराला हे लगेच समजेल.

मला हे समजायला फार वर्षं लागली. तरुणपणी मी एका बँडमध्ये वाजवायचे. दहा बोटं आहेत तर दहाही कामाला लावायची, हा माझा बाणा. डाव्या हातात सा-प-सा, उजव्यात सगळी कॉर्ड, वर आणखी दोन स्वर शोभेला. आमच्यात डबल बास वाजवणारे गोव्याचे एक वयस्क गृहस्थ होते. एका तालमीनंतर ते शांतपणे म्हणाले, "बाय, तो सा मी वाजवतोय. तूही वाजवतेस. मग मला पैसे कशाचे मिळतात?" मी खजील झाले. घरी येऊन डावा हात मांडीवर ठेवून वाजवून पाहिलं, तर सगळं लंगडं वाटलं. सा काढला की उरलेल्यांचं करायचं काय, हे मला कुणी शिकवलंच नव्हतं.

ते मी शिकले बिल एव्हान्सच्या ध्वनिमुद्रिका ऐकून. अमेरिकेतला हा जॅझ पियानोवादक १९२९ साली जन्मला, १९८० साली गेला. डेब्यूसी आणि राव्हेल हे फ्रेंच संगीतकार त्याच्या बोटांत मुरलेले होते. डाव्या हातातून मूळ स्वर गाळून चार स्वरांची घट्ट मोळी बांधायची, ही रीत त्याने एकट्याने शोधली असं नाही. त्याच्या आगेमागे रेड गारलंड, विंटन केली हेही तसं वाजवत होते. पण एव्हान्सच्या हातात ती रीत बोलायला लागली.

हिशेब असा. कॉर्डमध्ये मूळ स्वर बासवाला वाजवतोय, तो सोडा. पाचवा स्वर मुळाच्या पोटात तसाही ऐकू येतो, अडचण झाली तर तोही सोडा. तिसरा आणि सातवा मात्र सोडायचे नाहीत. कॉर्ड हसरी की उदास, थांबलेली की पुढे जायला उतावीळ, हे त्या दोघांवर ठरतं. मग मोकळ्या जागेत नववा, तेरावा असे लांबचे पाहुणे बसवायचे. रंग तिथून येतो.

आता पेटी. पेटीत एक हात भात्यावर असतो, वाजवायला एकच हात उरतो. म्हणून ही विद्या पेटीवर बरोबर बसते. पांढरी एकचा सा धरा. पहिली कॉर्ड: म, ध, तार सा, तार ग. (वाजवतात.) हिचं मूळ रे आहे, तो मी वाजवलेला नाही. दुसरी: म, ध, नी, तार ग. (वाजवतात.) हिचं मूळ प. बघा, चारांपैकी तीन बोटं जागची हलली नाहीत. फक्त तार सा एक पायरी उतरून नीवर आला. तिसरी: ग, प, नी, तार रे. मूळ सा. आता नी थांबला आणि बाकीचे तिघे एकेक पायरी खाली उतरले. पाश्चात्त्य संगीतातली हजारो गाणी या तीन कॉर्डच्या वाटेने घरी येतात. माझ्या जुन्या पद्धतीत याच तीन कॉर्डसाठी हात पट्टीभर उड्या मारायचा. इथे तो जवळजवळ हलत नाही. आवाज मऊ लागतो तो त्यामुळेही.

शिकताना लोक घाई करतात. विद्यार्थी मला विचारतात, "मॅडम, अशा किती कॉर्ड पाठ करायच्या?" मी म्हणते, या तीन. पण बाराही पट्ट्यांत, आणि प्रत्येक वेळी सगळ्यात वरचा स्वर तोंडाने गाऊन. १९६६ साली एव्हान्स आणि त्याचा मोठा भाऊ हॅरी यांच्या संभाषणाचा एक चित्रपट निघाला. हॅरी स्वतः संगीतशिक्षक. त्यात एव्हान्स पियानोवर बसून दाखवतो की नवशिका सगळं एकदम अंदाजपंचे वाजवायला जातो आणि त्यात हरवतो. त्यापेक्षा थोडंच घ्यावं, पण ते खरं असावं. मला तो चित्रपट वीस वर्षं आधी भेटायला हवा होता.

आणखी एक मांडणी दाखवल्याशिवाय राहवत नाही. २ मार्च १९५९, न्यूयॉर्क. पूर्वी चर्च असलेल्या इमारतीतला स्टुडिओ. ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसने एव्हान्सला मुद्दाम परत बोलावलं होतं. एव्हान्स काही महिन्यांपूर्वीच डेव्हिसचा बँड सोडून गेला होता. त्या दिवशी 'सो व्हॉट' मुद्रित झालं. त्यात पॉल चेंबर्सचा बास प्रश्न विचारतो आणि पियानो दोन कॉर्डनी उत्तर देतो. पांढरी दोनला सा माना, म्हणजे रे, प, सा, म, ध असे खालून वर चढणारे पाच स्वर. मग सगळेच्या सगळे एक पायरी खाली: सा, म, कोमल नी, कोमल ग, प. (वाजवतात.) स्वर काफी थाटाचे आहेत, पण काफी शोधू नका, सापडणार नाही. ग-प असा तिसऱ्यावर तिसरा रचण्याऐवजी इथे खालचे चार स्वर मध्यमाच्या अंतराने रचलेत, फक्त वरच्या टोकाला एक गंधाराचं अंतर. त्यामुळे ही कॉर्ड कुठल्याच बाजूला झुकत नाही, ओट्यावर बसल्यासारखी निवांत असते. आजही जॅझवाले तिला त्या गाण्याच्याच नावाने ओळखतात.

मघाशी पहिल्या रांगेतून कुणीतरी हळूच म्हणालं, "पण पियानोचा गंधार चढा असतो." असतो. स्वयंभू गंधारापेक्षा तो १४ सेंटने, म्हणजे अर्ध्या स्वराच्या सातव्या हिश्श्याने चढा आहे. पेटीवरचा राग यातलाच. १९४० साली आकाशवाणीने पेटीला दार बंद केलं, त्यातही हा एक मुद्दा होता. नुसत्या सा-ग-प मध्ये मलाही तो गंधार टोचतो. पण शेजारी नी आणि रे येऊन बसले की टोचणी कमी होते, निदान माझ्या कानाला. रागसंगीतात हे चालणार नाही, आणि चालवूही नये. यमन गाताना मागे कुणी ही मोळी धरली तर मीच उठून जाईन.

वेळ संपत आली आहे, अध्यक्ष घड्याळाकडे बघताहेत. शेवटचं एक, आणि यात तुम्ही हवे आहात. मघाची तिसरी कॉर्ड नुसतीच वाजवते. ग, प, नी, तार रे. (वाजवतात.) कशी वाटली? उदास? बरोबर. खाली कुणी नसेल तर कान गंधारालाच मूळ मानतो, आणि मग ही उदास कॉर्ड होते. आता पुन्हा वाजवते, आणि तुम्ही सगळ्यांनी पांढरी एकचा सा लावायचा, पुरुषांनी जमेल तितक्या खाली. लाजू नका. हा घ्या सा.

(श्रोते सा धरतात. वक्त्या पेटीवर तीच चार बोटं ठेवतात.)

ऐकलंत? मी काहीच बदललेलं नाही. सोडू नका, सा सोडू नका.