कर्करोगाची वही मांडणारी माणसं

बचत गटाची वही तुमच्यातल्या बऱ्याच जणी लिहितात. आज अशाच हिशोबाच्या एका नोकरीविषयी बोलू. आजारांच्या आकड्यांचा हिशोब मांडणाऱ्यांना जीवसंख्याशास्त्रज्ञ म्हणतात.

मुंबईत परळला टाटा रुग्णालय आहे. मुंबईतच इंडियन कॅन्सर सोसायटीने १९६३ साली देशातली पहिली कर्करोग नोंदणी सुरू केली. नोंदणीची माणसं रुग्णालयांतून रुग्णाचं वय, पत्ता, कर्करोग कुठे झाला हे उतरवून घेतात. एकच बाई दोन रुग्णालयांत गेली, तर ती दोनदा मोजली जाऊ नये हेही बघतात. खेड्यांसाठी अशी नोंदणी बार्शीला १९८७ पासून आहे.

पुढचा हिशोब असा. समजा, एका गावात ४ बायकांना आजार झाला, दुसऱ्यात ६ जणींना. मग दुसऱ्या गावात जास्त का? पहिल्या गावात बायका १०००, दुसऱ्यात ३०००. म्हणजे पहिल्यात हजारी ४, दुसऱ्यात हजारी २. पहिल्या गावात म्हाताऱ्या जास्त असतील, तर वयाचाही हिशोब धरावा लागतो.

या हिशोबाने जीव वाचतात. टाटा रुग्णालयाने १९९८ पासून मुंबईच्या वस्त्यांतल्या ३५ ते ६४ वयाच्या सुमारे दीड लाख बायकांचा अभ्यास केला. वस्त्यांचे दोन गट केले. एका गटात प्रशिक्षित आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी गर्भाशयाच्या तोंडाला पातळ व्हिनेगर लावून तपासत. दुसऱ्या गटाला फक्त आजाराची माहिती दिली. बारा वर्षांनी आकडे मांडले, तेव्हा तपासणीच्या गटात त्या कर्करोगाने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी निघाले. दुसरीकडे १०० गेल्या असत्या, तिथे इथे ६९. तपासणी साधी, पण ती उपयोगी आहे हे वहीनेच दाखवलं.

म्हणून नोंद घ्यायला कुणी दारात आलं, तर वय, आजार, घरातल्या मृत्यूचं कारण नीट सांगा. लाजू नका, लपवू नका. तिशी ओलांडली असेल, तर आरोग्य केंद्रात या तपासणीची चौकशी करा.

आणि लेकीला गणित आवडत असेल, तर तिला संख्याशास्त्रात पदवी घेऊ द्या. पुढचं शिक्षण मुंबईतच, देवनारच्या लोकसंख्या विज्ञान संस्थेतही मिळतं. पांढरा कोट न घालताही ती कर्करोगाशी लढू शकेल.